सप्तमीला सव्वापाच

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरलं, तेव्हा आत्यांनी एकच प्रश्न विचारला. "खारं पाणी बघायला पाश्शे किलोमीटर जायचं?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्याच म्हणतात. वय एकाहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, दोन्ही गुडघे दुखरे. पंढरपूर, तुळजापूर, अंबाजोगाई आणि एकदा काशी एवढाच त्यांचा प्रवास. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा प्रश्न मला लागला, कारण तो खोटा नव्हता. लातूरच्या माणसानं पाण्यासाठी एवढी वणवण केलेली आहे की नुसतं बघायचं पाणी ही गोष्टच त्याला पटत नाही.

जायचं कारण लेकरं होती. थोरली सातवीत. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा आहे, तो तिनं पाठ केला होता, पण "म्हणजे पाणी नक्की जातं कुठं?" हे तिला कळत नव्हतं आणि मलाही सांगता येत नव्हतं. धाकटा दुसरीत. त्याला बेट बघायचं होतं. चारी बाजूंनी पाणी आणि मधे जमीन हे चित्र त्यानं वहीत इतक्यांदा काढलं होतं की शेवटी मीच म्हटलं, एकदा नेऊन दाखवूच.

निघण्याआधी केलेली चौकशी सांगते, कारण आमच्या भागातून लहान लेकरं आणि म्हातारं माणूस घेऊन जाणाऱ्याला ती उपयोगी पडेल. मालवणच्या समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होड्या कधी सुरू असतात हे आधी विचारलं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पर्यटकांच्या होड्या बंद असतात. दिवाळीनंतर समुद्र निवळलेला असतो. दुसरं, सकाळी लवकर जायचं. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि होडी जास्त हलते, हे मला फोनवर होमस्टेच्या बाईंनी सांगितलं. तिसरं माझं स्वतःचं होतं. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. २०२२ च्या मे महिन्यात मालवणशेजारच्या तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. ती बातमी मी विसरले नव्हते.

षष्ठीला पहाटे चारला निघालो. तुळजापूरला अजून अंधारच होता. आत्यांनी गाडीतूनच कळसाच्या दिशेनं हात जोडले. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला. हा रस्ता आता चांगला झालाय. सोबत धपाटे, शेंगांची चटणी, दही आणि पाण्याचे दोन मोठे कॅन. गाडीत जागा नव्हती तरी कॅन दोनच हवेत, असा आत्यांचा आग्रह. पाणी घेतल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नाहीत.

मिरज आली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. आत्या म्हणाल्या, "हितूनच आली ना ती गाडी?"

कुठली गाडी ते विचारायची गरज नव्हती. एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं, नळ बंद, शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागलेली. थोरली तेव्हा चार वर्षांची होती. रात्री दोनला टँकर आला की तिला झोपेतच आत्यांच्या मांडीवर टाकून मी घागरी घेऊन पळायची. बारा तारखेच्या पहाटे मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या दिवसांत आमच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी तुळशीला, अशी प्रत्येक थेंबाची तीन-तीन कामं ठरलेली होती. आत्यांची ती सवय अजून सुटलेली नाही आणि ती सुटावी असं मला वाटतही नाही.

मिरजेला आम्ही थांबलो नाही. पण स्टेशनकडं जाणारा रस्ता दिसला तेव्हा आत्यांनी तुळजापूरला जोडले होते तसेच हात जोडले. धाकट्यानं विचारलं, "इथं कोणता देव आहे?" त्याचा जन्म त्यानंतरचा. थोरलीनं त्याला सगळी हकीकत सांगितली, तिच्या आठवणीत नसलेलीसुद्धा.

कोल्हापूर, राधानगरी, मग फोंडा घाट. घाटात धाकट्याला दोनदा उलटी झाली, बाकी काही नाही. घाट उतरल्यावर हवाच बदलली. दमट, जड, गवताचा आणि ओल्या मातीचा वास. आमच्याकडं दिवाळीनंतर रानं पिवळी पडायला लागतात. इथं अजून सगळं हिरवंगार, ओढ्याला पाणी. आत्या काचेला टेकून बघत होत्या. कणकवली सोडल्यावर म्हणाल्या, "हितल्या बायकांना डोक्यावर पाणी आणायचं म्हाईत नसंल." नंतर होमस्टेच्या बाईंनी सांगितलं की तसं नाही. एवढा पाऊस पडूनही उतारावरून पाणी सरळ समुद्राला जातं, आणि एप्रिल-मेमध्ये कातळावरच्या वाड्यांना तिथंही टँकर लागतो. हे ऐकून आत्या बराच वेळ गप्प होत्या.

तारकर्लीला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. सामान तसंच ठेवून माडांमधून चालत गेलो, आणि समोर समुद्र. लेकरं पळत सुटली. मी आत्यांचा हात धरला होता. त्या थांबल्या. किती तरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. लाट पायाला लागली तेव्हा खाली वाकून त्यांनी ओंजळ भरली, जिभेला लावली आणि टाकून दिली. म्हणाल्या, "खरंच खारं हाय गं." आणि थोड्या वेळानं, "ह्याला कुणी पीत न्हाई, मग एवढं कशाला ठिवलंय देवानं?"

तो प्रश्न त्या रात्री माझ्या डोक्यात राहिला.

सप्तमीच्या सकाळी साडेआठला मालवणच्या धक्क्यावर गेलो. समोर सिंधुदुर्ग. किनाऱ्यावरून तो इतका जवळ दिसतो की हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. ज्या बेटावर तो उभा आहे त्याचं नाव कुरटे. धाकट्याला किल्ल्यापेक्षा हे नाव आवडलं. तिकीट खिडकीवर सांगतात की ज्या होडीनं जाल तिनंच परत यायचं, वरती साधारण तासभर मिळतो. मी आत्यांचे गुडघे दाखवले आणि थोडा जास्त वेळ मागितला. खिडकीवरच्या माणसानं होडीवाल्याला हाक मारून सांगितलं, यांना नंतरच्या होडीत घ्या. विचारलं म्हणून झालं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर हे आधीच विचारून घ्यावं.

होडीत चढायचा क्षण सगळ्यात अवघड होता. धक्का स्थिर, होडी वरखाली. आत्यांनी पाय उचलला की होडी खाली जायची. त्या मागं सरकल्या, म्हणाल्या, "तुमी जावा, म्या बसते हितं." होडीवाला पन्नाशीचा असेल. त्यानं दोन्ही हात पुढं केले. "भिया नको गो आजये, काय्येक होवचा नाय." मग हळू आवाजात सांगितलं, की होडी वर येऊ दे, वर आली की मी सांगतो, तेव्हाच पाय टाक. एक लाट गेली, दुसरी गेली, तिसऱ्या लाटेला त्यानं "आता" म्हटलं आणि आत्या होडीत होत्या. मी हे मुद्दाम सांगतेय. होडी खाली जात असताना पाय टाकला तर तोल जातो, वर येताना टाकला तर होडीच आपल्याला उचलून घेते. तिथून पुढं प्रत्येक वेळी आम्ही असंच चढलो.

लाइफ जॅकेटं होती, पण धाकट्याच्या मापाचं नव्हतं. मोठ्याचं घातलं तर ते त्याच्या कानापर्यंत येत होतं. मी उतरायला निघाले तेव्हा शेजारच्या होडीतून लहान जॅकेट मागवलं गेलं. पाच मिनिटं गेली. मागचे लोक थोडे कुरकुरले, पण त्यातल्याच एका बाईनं मग आपल्या मुलीसाठीही लहान जॅकेट मागितलं.

दहा-पंधरा मिनिटांत होडी तटाखाली गेली. लांबून नुसती काळी रेघ दिसत होती, जवळ गेल्यावर भिंत डोक्यावर येते. दरवाजा कुठंच दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधे वळून आत गेल्यावरच तो समोर येतो, गोमुखी बांधणी म्हणतात ती हीच. २५ नोव्हेंबर १६६४ ला या किल्ल्याचं काम सुरू झालं. मुहूर्ताची पूजा मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याजवळ झाली. तीन वर्षांत अठ्ठेचाळीस एकरांच्या बेटाभोवती तीन किलोमीटरच्या आसपास तट उभा राहिला. पायात शिसं ओतून दगड बसवलेत. साडेतीनशेहून जास्त पावसाळ्यांच्या लाटा त्या पायावर आदळल्यात. आमच्या औसा आणि उदगीरच्या किल्ल्यांना खंदक खणावे लागले. इथं खंदक आधीच होता, समुद्रच.

दरवाज्याच्या आत वर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, महाराजांचे म्हणून ते जपलेत. लेकरांना उचलून दाखवले. मग शिवराजेश्वराचं मंदिर. छत्रपती राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये ते बांधलं. आतली मूर्ती बसलेली आहे, तिला दाढी नाही. धाकटा म्हणाला, "हे आपले महाराज नाहीत." थोरली म्हणाली, "आहेत." दोघं बराच वेळ बघत उभे होते. आत भवानीमातेचंही देऊळ आहे. आदल्या दिवशी पहाटे गाडीतून तुळजापूरच्या आईला हात जोडले होते, दुसऱ्या दिवशी समुद्रातल्या बेटावर पुन्हा तीच समोर. आत्यांनी पदर पसरला. मला तिथं काही विचारावंसं वाटलं नाही.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते पुढं आहे.

किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावं. बाव म्हणजे विहीर. आमच्याकडच्या बारवेची बहीणच. आत्यांना हे मी आधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी स्वतः बघावं असं मला वाटत होतं. बांधीव काठाजवळ त्यांना नेलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं. "ह्यात समुद्राचंच पाणी असंल," म्हणाल्या. तिथं काही कुटुंबं अजून राहतात. त्यातल्या एका घरासमोर एक बाई ताक आणि कोकम सरबत विकत होती. तिच्या हंड्यातलं पाणी तिनं आत्यांना पेलाभर दिलं. "बावीचंच हा. पिऊन बघा."

आत्यांनी एक घोट घेतला. मग पेला संपवला. मग दुसरा मागितला.

"गोडं हाय," त्या मला म्हणाल्या. माझ्याकडं न बघता, विहिरीकडं बघत. "चहूकडनं खारं आन् मधी गोडं. कसं की गं?"

हे मला थोडंफार सांगता आलं. बेटावर पाऊस पडतो, लातूरपेक्षा कितीतरी जास्त. तो जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून जमिनीच्या पोटात ते खाऱ्यावर तरंगून राहतं, दोन्ही लगेच मिसळत नाहीत. पण उपसा बेतानं ठेवावा लागतो. वरचं गोडं फार ओढलं की खालून खारं वर चढतं. ते बराच काळ मचूळ राहतं. आत्यांनी शेवटचं वाक्य नीट ऐकलं. "म्हंजी हितंबी जपूनच की," म्हणाल्या. आमच्याकडं बोअर पाचशे, सहाशे, आठशे फूट खाली गेले आणि तिथंही काही राहिलं नाही, हे त्यांनी स्वतःच्या शेतात बघितलंय. इथल्या माणसांना तर तळ गाठायचीसुद्धा मुभा नाही. तळाशी समुद्रच बसलेला आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधायच्या आधी पाणी बघायला सांगितलंय. शाळेत हे वाचलं तेव्हा ती एक ओळ होती. त्या विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर ती ओळ मला समजली. तट, बुरुज, शिसं हे सगळं नंतरचं. त्या बेटावर आधी कुणी तरी असाच घोट घेऊन "गोडं आहे" म्हटलं असणार.

तटावरून लेकरं आणि त्यांचे पप्पा फिरून आले. मी गेले नाही. आत्यांजवळ विहिरीपाशी बसून राहिले आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

परत येताना अकरा वाजून गेले होते. होडी धक्क्याला लावताना होडीवाला फार सांभाळून होता. सकाळी पाण्याखाली असलेल्या दोन पायऱ्या आता उघड्या पडल्या होत्या, हिरव्या, निसरड्या. आत्यांच्या ते लगेच लक्षात आलं. "पाणी कमी झालंय. कुणीकडं जायलंय हे पाणी?"

होडीवाल्यानं उलट विचारलं, "आजये, आज तिथी खंयची?"

"सप्तमी," आत्या म्हणाल्या. क्षणभरही न थांबता. आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं.

मग त्यानं जे सांगितलं ते थोरलीच्या धड्यात नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे सप्तमीला पहाटे सव्वापाचच्या सुमाराला पाणी भरतं, संध्याकाळी परत सव्वापाचच्या सुमाराला. मधे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेअकराच्या आसपास. उद्या अष्टमी, आठ पाऊणे सहा. रोज पाऊण तास पुढं. पुनवेनंतर परत एकपासून मोजायचं. अर्धा तास इकडं-तिकडं होतो, पण चुकत नाही. घड्याळं नव्हती तेव्हापासून दर्यावरची माणसं असंच मोजत आलीत.

आत्या बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. "म्हंजी एकादशीला सव्वाआठ," त्या म्हणाल्या.

होडीवाला हसला. "बरोब्बर."

एकाहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई, ज्यांनी आदल्या दिवशी पहिल्यांदा समुद्र पाहिला, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीची वेळ काढत होत्या. पावकी-निमकी-पाऊणकी त्यांनी गावच्या शाळेत दुसरीपर्यंत पाठ केली होती आणि तिथी तर त्यांच्या श्वासात आहे. चतुर्थी, एकादशी, अमावस्या यांच्याशिवाय त्यांचा महिना सरकत नाही. समुद्राचा महिनाही तसाच सरकतो हे त्यांना फार जवळचं वाटलं. तारकर्लीला परत आल्यावर त्या एकट्या किनाऱ्यावर गेल्या. आदल्या संध्याकाळी जिथं पाय भिजले होते तिथं कोरडी वाळू होती. संध्याकाळी पाचला त्या परत गेल्या, बरोबर धाकट्याला घेऊन. पाणी आलं होतं. "आलं बग," त्या त्याला म्हणाल्या, पाहुणा वेळेवर यावा तशा.

अष्टमीला देवबागच्या संगमावर गेलो. देवबाग म्हणजे जमिनीची एक लांब, अरुंद जीभ आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे माड आणि घरं. टोकाला नदी समुद्राला मिळते, आणि तिथं पाण्यात वाळूचा एक पट्टा वर आलेला आहे. त्याला त्सुनामी बेट म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ही वाळू वर आली असं होडीवाले सांगतात.

इथं आमची थोडी निराशा झाली, आणि तिचं कारण परत तिथीच. फोटोत रुंद पांढरी वाळू दिसते. आम्ही ओहोटी साधून, दुपारी बाराला पोचलो, तरी वाळूची एक बारीक पट्टी वर होती आणि बाकी सगळीकडं गुडघाभर पाणी. आत्यांनीच होडीवाल्याला विचारलं, "ओहटी हाय ना? मग पाणी का हाय?" त्यानं सांगितलं, हे भांगाचं पाणी. अष्टमीच्या सुमाराला भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. तेव्हा वाळू खूप उघडी पडते. थोरलीला इथं धडा आठवला. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की दोघं मिळून ओढतात, काटकोनात आले की एकमेकांचा जोर कमी करतात. ती हे गुडघाभर पाण्यात उभी राहून सांगत होती. मला तेव्हा वाटलं, प्रवासाचे पैसे इथंच वसूल झाले. तुम्हाला त्या वाळूवर चालायचं असेल तर पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास जा. पाण्याची ओढ कमी हवी असेल तर अष्टमी बरी.

ज्या माणसाकडून आम्ही बुकिंग केलं होतं, त्यानं फोनवर बेट, डॉल्फिन आणि पाण्यातले खेळ असं सगळं मिळून पैसे घेतले होते. धक्क्यावर गेल्यावर डॉल्फिन त्यात नाहीत म्हणाला. काय काय मिळणार ते आधी मेसेजवर लिहून घ्यावं, एवढंच सांगते. आम्ही भांडण वाढवलं नाही. होडीवाल्याचा त्यात काही दोष नव्हता, आणि त्यानंच मग नदीतून खारफुटीच्या कडेनं जास्तीची फेरी मारून आणली.

धाकट्यानं पट्टीच्या दोन्ही बाजूंचं पाणी चाखून पाहिलं. नदीच्या बाजूचं कमी खारट. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर येतं, भरतीला समुद्र नदीत शिरतो. त्याच ओढीमुळं संगमावर पोहायला उतरू नका, असं होडीवाल्यानं बजावलं. वरून पाणी संथ दिसतं, खालून ते पाय काढून घेतं. आमच्या धरणाच्या काठावर वाढलेल्या माणसाला आपल्याला पोहता येतं असं वाटतं. हे पाणी वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी लेकरांच्या पप्पांनी स्कूबा केलं. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहेत. पाण्याखालून वर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिथं सगळं जिवंत आहे." मी पाण्यात उतरले नाही. आत्यांजवळ थांबले.

समुद्रात खेळून आल्यावर अंगावर मीठ धरतं, केसांत वाळू. होमस्टेच्या मागं विहीर होती, समुद्रापासून शंभर पावलांवर, आणि तीही गोडी. लेकरं नळाखाली उभी राहिली आणि पाणी तसंच सोडून गप्पा मारायला लागली. आत्यांनी जाऊन नळ बंद केला. होमस्टेच्या बाई म्हणाल्या, "असू द्या हो आजी, पाणी आहे भरपूर." आत्या म्हणाल्या, "हाय म्हणूनच. वरचं ओढलं की खालचं खारं वर येतंय. किल्ल्यात सांगितलं आमाला." त्या बाई थोडा वेळ बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं आहे. मेमध्ये आमची पण मचूळ होते." जाताना दोघींनी एकमेकींची ओटी भरली. आत्यांनी सोबत आणलेली ज्वारी दिली, त्यांनी नारळ दिले.

नवमीच्या रात्री उशिरा घरी पोचलो. कॅनमध्ये मालवणचं पाणी होतं. आत्यांनी ते ओतून न देता माठात घातलं.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. नळ येण्याच्या अंदाजाच्या दिवशी मी पेनानं गोल करते. आठ-दहा दिवसांनी एक गोल. दशमीच्या दिवशी पाहिलं तर धाकट्यानं शिसपेन्सिलीनं प्रत्येक चौकोनात बारीक आकडे लिहिले होते. आत्या तिथी सांगत होत्या, तो पाऊणनं गुणत होता आणि चुकला की त्या दुरुस्त करत होत्या.

कार्तिकी एकादशीला नळ आला. सकाळी साडेसातला धार सुरू झाली. मी ड्रम, घागरी, कळशा भरत होते, आत्या ओट्याजवळ खिचडीसाठी साबुदाणा बघत होत्या. त्यांचा उपास. शेवटची कळशी भरत आली तेव्हा त्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

"सव्वाआठ झाले," त्या म्हणाल्या. "तिकडं त्या पायऱ्या बुडाल्या असतील आता."